साक्षीदाराची सही

या, असे जवळ सरकून बसा. कीर्तनाला बसतो तसे. आज एक गोष्ट सांगते, आणि ती संपेपर्यंत कुणी उठायचं नाही.

गोष्ट खरी आहे. माझ्याबरोबर घडलेली.

दोन वर्षांपूर्वीचा मार्गशीर्ष. गुरुवार. मुरबाड तालुक्यातल्या एका कॉलेजची केमिस्ट्रीची लॅब. वेळ दुपारी दीडची.

हो, भरदुपार. भुताला अंधार लागतो असं मलाही वाटायचं.

मी देवकी. त्या लॅबमध्ये अकरा वर्षं मदतनीस होते. कुलूप उघडायचं, काचेची भांडी धुवायची, बाटल्यांना चिठ्ठ्या लावायच्या. काम कंत्राटावर. दर मार्चला करार संपायचा आणि दर मार्चला लॅबच्या साहेबांच्या सहीची वाट बघायची.

रोशनी तिथे साहेबांच्या हाताखाली पीएचडी करत होती. टोकावड्याच्या पुढच्या ठाकूरवाडीतली. चांगो आणि भिमीची थोरली लेक. सकाळच्या एसटीने यायची, मला मावशी म्हणायची, आणि माझ्या डब्यातली भाकरी न विचारता खायची.

ती एक नवा पदार्थ बनवत होती. चौदा महिने फ्लास्कच्या तळाशी नुसतं पिवळं तेल. मग ती काचेची दांडी आत घालून भांडं आतून घासायची. त्याने कधीकधी स्फटिक धरतात म्हणे.

कर्र... कर्र... कर्र...

तीनदा. मग थांबून बघायची. मग पुन्हा तीनदा.

एक दिवस धरले. पांढऱ्याशुभ्र सुया.

"मावशी, ये ना गो, बघ. हे आजपर्यंत पृथ्वीवर नव्हतंच. आता झालं."

"मग बारसं कर त्याचं."

"त्याचं नाव हातभर लांब हाय. खाली माजं लागलं म्हंजे बास."

लॅबच्या वहीत प्रत्येक पानाच्या तळाशी दोन सह्या असतात. एक, ज्याने केलं त्याची. दुसरी, ज्याने पाहिलं त्याची. सकाळपासून संध्याकाळपर्यंत तिच्याजवळ मीच असायचे. म्हणून दुसरी सही माझी.

पहिल्यांदा मी लाजले होते. मला काय कळतं त्यातलं? तेव्हा तीच म्हणाली, "तूच सांगितलंस ना, अभंगाच्या शेवटच्या चरणात रचणाऱ्याचं नाव येतं, आणि बुवा ते गाळत नायत. मग ऐकणाऱ्याने पन सही करायला नको?"

त्या मार्गशीर्षाच्या आधीच्या चैत्रात तिला कावीळ झाली.

नऊ दिवसांत गेली. सव्वीस वर्षांची होती.

दिवाळीनंतर साहेबांनी तिच्या कामाचा पेपर लिहिला. पहिलं नाव भाविकचं, म्हणजे त्यांच्या दुसऱ्या विद्यार्थ्याचं. शेवटचं साहेबांचं.

मधे कुणीच नाही.

जर्नलवाल्यांनी वहीची पानं मागितली. साहेबांनी भाविककडून नवी वही लिहून घेतली. तीच आकडेमोड, त्याच तारखा. 'केलं' पुढे भाविकची सही. 'पाहिलं' पुढची जागा रिकामी.

"मावशी, पोरगी गेली," साहेब म्हणाले. "तिला आता पेपर काय कामाचा? जिवंत माणसाचं भलं होऊ दे. सह्या करून ठेवा, मी जेवून येतो."

दारातून वळून म्हणाले, "मार्च जवळ आलाय, नाही का?"

भाविकही त्यांच्यामागे खाली गेला. त्याने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

मी एकटी. उपास होता, डोकं हलकं झालेलं. कोपऱ्यात भाविकचा फ्लास्क स्टँडला लावलेला. महिनाभर तो तेच करून बघत होता. तळाशी पिवळं तेल. तोंडाला बूच, बुचावर चिकटपट्टी.

खोटं कशाला सांगू, मी पेन उचललं. अकरा वर्षांची नोकरी. घरात कमावणारी मी एकटी.

पहिल्या पानावर सही केली.

कर्र...

मान वर केली. कुणी नव्हतं. पंखा बंद. नळ बंद.

दुसरं पान.

कर्र...

तिसरं.

कर्र...

मग शांत. कुणीतरी थांबून बघतंय, तसं.

मी उठून ट्रे बघितला. काचेच्या दांड्या मीच सकाळी धुऊन ठेवल्या होत्या. सगळ्या कोरड्या. एक सोडून. तिच्या टोकाला पिवळं तेल होतं...

 तरी परत टेबलाशी आले आणि मुद्दाम पेन कागदावर टेकवलं.

कर्र...

उचललं. थांबलं.

टेकवलं. कर्र...

आता मला भीतीपेक्षा लाज वाटली. आयुष्यभर कीर्तनात टाळ वाजवले, आणि शेवटच्या चरणाला येऊन नाव गिळायला निघाले होते.

"रोशनी," मी मोठ्याने म्हणाले, "पुरे. कळलं मला."

तीनही सह्यांवर आडवी रेघ मारली. खाली लिहिलं, 'हे काम रोशनी चांगो आगिवले हिने केलं. ते मी पाहिलं. भाविकने केलेलं मी पाहिलेलं नाही.' आणि त्याखाली ठसठशीत सही केली.

आवाज आला नाही.

साहेब आणि भाविक वर आले. साहेबांनी वही बघितली, तोंड लाल झालं. "तुम्हाला समजतंय का काय केलंत? लायकी काय तुमची?"

"भांडी धुते, साहेब. कुठलं भांडं कुणी वापरलं, ते मला बरोबर ठाऊक असतं."

तेवढ्यात भाविक कोपऱ्यातून म्हणाला, "सर... हे बघा."

फ्लास्कमध्ये पांढऱ्या सुया. काचेला आतून तीन बारीक ओरखडे, आणि तिथूनच सुया फुटलेल्या.

बूच जागेवर. चिकटपट्टी जशीच्या तशी.

"मी हात नाय लावला, सर. आईशप्पथ." तो फ्लास्कपासून मागे सरकला. "माझं नाव काढा पेपरवरून. मला नको."

मार्चमध्ये माझा करार संपला. पुढे झाला नाही. आता धसईच्या बाजारात भाजी विकते, आणि कीर्तनाला पहिल्या रांगेत बसते.

पेपर अजून छापून आलेला नाही. त्या तारखांना लॅबमध्ये पाहणारी मीच होते, म्हणून माझ्या सहीशिवाय साहेबांना पाठवता येत नाही, आणि तिच्या नावासकट त्यांना पाठवायचा नाही. तिची जुनी वही त्यांच्या कपाटात कुलपात आहे. माणसं पाठवून दोनदा विचारलं मला. पाच वर्षांनी विचारा, उत्तर तेच मिळेल.

माझ्या जागी शीतल लागली आहे. परवा तिचा फोन आला.

"मावशी, सायबांच्या कपाटात उंदीर शिरलाय काय गो? तीनदा वाजतं... मग थांबतं."



आणखी एक. तुम्हाला सांगण्याआधी ही गोष्ट लिहायला बसले तेव्हा मी तिचं नाव बदललं होतं. उगाच कटकट नको म्हणून. पहिलीच ओळ लिहिली, आणि माझ्या स्वयंपाकघरातून, जिथे काचेची एक वस्तू नाही...

कर्र...

तो कागद फाडला. खरं नाव लिहिलं. तेव्हापासून कान देऊन बसले आहे. अजून तरी शांत आहे.

ते नाव कुठेच छापलेलं नाही. म्हणून घरी जाताना एवढं करा, ते लक्षात ठेवा.

रोशनी चांगो आगिवले.