बिबियानाच्या हाताची चव

"हिनंच! हिनंच मीठ ओतलं त्यात!" बिबियानाचं बोट सुनेवर रोखलेलं होतं, आणि संत जुआनच्या सणाला जमलेले वीस-पंचवीस पाहुणे तोंडातला घास गिळावा की थुंकावा या विवंचनेत बसले होते... कामालिग गावात जिच्या 'पिनांगात'ला तोड नव्हती, अळूच्या पानांत कोळंबी-मिरची बांधून नारळाच्या दुधात शिजवलेल्या त्या पुड्यांसाठी लोक लेगास्पी शहरातून येत, तिच्याच घरी आज घास खारट जहर लागत होता!

रुफिना भिंतीला टेकून उभी होती. तापातून उठल्यापासून सासूच्या जिभेची चव मेली होती; 'हल्ली मीठच आळणी येतं' म्हणत ती तिप्पट मीठ घाली, आणि तिची पाठ वळली की रुफिना भांड्यातलं निम्मं नारळाचं दूध काढून गुपचूप ताजं ओती. आज मात्र "सणाला परकीचा हात नको" म्हणून सासूनं तिला चुलीपाशी फिरकू दिलं नव्हतं.

खरं सांगायला एक वाक्य पुरेसं होतं! पण त्या वाक्यानं म्हातारीची चाळीस वर्षांची कीर्ती धुळीला मिळाली असती...

"बोल ना!" नवरा, एलिसेओ, ओरडला. "तू केलंस?"

"हो. माझ्याच हातून झालं."

"झालं? दावा साधलास, सटवे! सहा वर्षं पोसली ही बाटांगासची अवदसा! एलिसेओ, उद्या हिला माहेरच्या बसमध्ये बसव."

एलिसेओनं नुसती मान खाली घातली.

सकाळी ती गाठोडं घेऊन उंबऱ्याशी आली. 'पिनांगात' विकत घ्यायच्या निमित्तानं दोन शेजारणी तमाशा बघायला दारात ठाकल्या होत्याच. बिबियानानं रागारागात हाताला लागलेल्या डब्यातले दोन चमचे कॉफीत ढवळले, घटाघटा अर्धा पेला संपवला आणि उरलेला लेकापुढे सरकवला.

"थांब, पिऊ नकोस!" डबा ओळखून ओरडलेल्या रुफिनाचा आवाज पोचेपर्यंत एलिसेओनं चूळ थुंकली होती.

"आई, हे मीठ आहे! आणि तू अर्धा पेला प्यायलीस?"

बिबियानानं डब्यात बोट बुडवून चाटलं. पुन्हा चाटलं... तिची नजर सावकाश सुनेकडे वळली.

"तुला माहीत होतं?"

रुफिनानं होकारार्थी मान हलवली.

"कधीपासून?"

"तुमच्या तापापासून, आई."

"आणि काल तोंड शिवून माझ्या शिव्या खाल्ल्यास? मूर्ख कुठली!" म्हातारीचा स्वर फाटला.

"अगं बिबियाना, म्हणजे काल..." एक शेजारीण पुटपुटली.

"काल मी नासवलं! मी! जा, गावभर सांगा!"

"रुफिना, मला..." एलिसेओ पुढे झाला.

"तू गप्प रे! काल बोलायचं तेव्हा दातखीळ बसली होती." बिबियानानं गाठोडं हिसकावून आत भिरकावलं आणि सुनेचं मनगट धरलं. "उभी काय राहिलीस? पानं कोमेजताहेत. चल, मीठ तू घाल."

म्हातारीची बोटं रुतत होती, दुखत होती... पण चुलीपर्यंत रुफिनानं हात सोडवून घेतला नाही.