वकील बदलल्याची नोंद

अपील कोर्टातल्या ई-फायलिंगच्या खिडकीवर दोघांची गाठ पडली ती संगणकाच्या हट्टापायी. नोकरीवरून काढलेल्या एका नर्सचं अपील त्याने तिसऱ्यांदा परत केलं, तेव्हा काचेपलीकडच्या तंत्रज्ञाने मान वर केली.

"वकीलसाहेबांनाच पाठवा ना. या आठवड्यापासून चेहरा बघितल्याशिवाय हा आत घेत नाही. सारखं तुम्हालाच काय पिटाळतात?"

"ते फेब्रुवारीत गेले."

त्याची बोटं थबकली. "पण... त्यानंतर त्यांनी अकरा अपिलं दाखल केलीत."

"मी केली. मीही वकील आहे. त्यांची मुलगी."

"तरीच. मी म्हटलं, एवढा कामसू माणूस—" आणि तो ओशाळला.

तिला हसू आलं. कितीतरी दिवसांनी.

वकीलपत्रावर बाप-लेक दोघांची नावं होती. तिच्या खात्यातून अपील सहज गेलं असतं. पण बाबांच्या खात्यात शिरताना ओटीपी त्यांच्या फोनवर यायचा. स्वयंपाकघरात तो फोन वाजला की क्षणभर वाटायचं, घरात आणखी कुणीतरी आहे. तेवढ्यासाठी ती तो रोज चार्ज करायची. असलं काही सांगणार कुणाला?

त्याला सांगितलं. का, कोण जाणे.

त्याने घड्याळाकडे पाहिलं. मग म्हणाला, "पाचला खिडकी बंद होते, आणि मुदत आजच संपतेय. बाईंची नोकरी कायमची जाईल, आणि अपील त्यांच्याच खात्यात अडकलंय. वकील बदलल्याची नोंद मी करू?"

"नको... मीच करते."

त्याने काचेखालून कीबोर्ड सरकवला, स्क्रीन तिच्याकडे वळवला. कारणांच्या यादीत 'निवृत्ती' होती, 'माघार' होती. तिने 'निधन' निवडलं. पाचला चार मिनिटं कमी असताना अपिलाला नंबर पडला. खाली वकील म्हणून आता तिचं एकटीचंच नाव होतं.

"झालं," ती म्हणाली. "आता कोर्टाचे निरोप मला येतील."

"फक्त कोर्टाचेच?"

तिने वर पाहिलं. त्याचे कान लाल झाले होते.

"तुमचा नंबर समोर दिसतोय," तो म्हणाला, "पण तो कोर्टाला दिलाय. मला नाही."

"मग काय करणार?"

"स्क्रीन बंद करणार... आणि वाट बघणार."

त्याने खरंच बंद केला. ती सावकाश, एकेक आकडा सांगत गेली. नवव्यापाशी थांबली.

"शेवटचा उद्या."

"पुढच्या अपिलाबरोबर?"

"नाही," ती म्हणाली. "उद्या माझं इथे काहीच काम नाही."