चतुर कुठवर उडतात

"ओढा वरपासून खाली चालायचा. जिथं चतुर उडतोय तिथं काठाला दगड ठेवायचा. न्हाई दिसला तर न्हाई ठेवायचा," हर्षदाने हुकूम सोडला.

केडगावची ही पोर दिवाळीच्या सुट्टीला तळेगाव ढमढेऱ्याला आजोळी आली होती. केडगावचा कालवा म्हणा, शिरूरला घोडनदीचा काठ म्हणा, चतुर सगळीकडं. फक्त तिच्या आजोबांच्या, आबांच्या वस्तीखाली ओढ्यावर एक नाही.

मामाची प्रांजल आजारी कोकरू मांडीवर घेऊन बसली होती. आदल्या दिवशी एक मेलंच होतं. आबांनी चौकशीआधीच निकाल लावलेला: ओढ्याच्या वरच्या अंगाची गिताबाई झेंडूवर फवारणी करते, तिनंच पाणी नासवलं. उद्या तिच्या फुलांच्या गाडीची वाट अडवणार होते.

कोकरू मामीकडं देऊन प्रांजल हर्षदासोबत निघाली, मागून तिचा भाऊ रुद्र. झेंडूपाशी चतुर इतके, की रुद्रला दगड पुरेनात. आबांनी हेर धाडले का, असं गिताबाईंनी विचारलं. हेर असतो तर चप्पल घालून आलो असतो, रुद्र म्हणाला.

आबांच्या वस्तीजवळच्या डोहापर्यंत दगडांची रांग नीट आली आणि तिथंच तुटली. डोहात मासे उताणे, पाण्यावर पांढरट तवंग, झुडपात गोचिडाच्या औषधाचा रिकामा डबा. खाली पुलापर्यंत एक चतुर नाही.

हर्षदाने सांगितलं, चतुराची पिल्लं पाण्यातच वाढतात, पाणी बिघडलं की आधी तीच जातात. प्रांजलचा चेहरा उतरला. लोकर कातरण्याआधी कळप डोहात धुवायची घरची रीत. यंदा एकेका मेंढराला औषध चोळायचा कंटाळा आला, म्हणून आबांनी ते डोहातच ओतलेलं तिनं पाहिलं होतं!

प्रांजलनं आबांना तिथंच आणून उभं केलं. "गिताबाईंच्या शेतापाशी चतुर हायत, आबा. आपल्या डोहापासनं न्हाईत."

"माझा बाप ह्याच डोहात मेंढरं धूत आला."

"पणजोबांनी डोहात औषध वतलं व्हतं का?"

आबांनी झुडपातला डबा उचलला. त्यांनी कळप बोअरच्या हौदावर वळवला आणि गुरांच्या डॉक्टरला फोन लावला. सुई टोचल्यावर संध्याकाळी कोकरू धडपडत उठलं, आईला लुचलं.

मग आबा तिघा पोरांना घेऊन स्वतः झेंडूच्या बांधावर गेले. "चूक माझी हाय, गिताबाई. वाट तुमचीच."

"नातवंडांनी पकडलं व्हय तुम्हाला? पोलिसाला जमलं नसतं."

"पोलीस मला भ्याला असता," आबांनी तिघांकडं पाहिलं. "ही न्हाईत भ्याली. माझ्याच घरची हायत."