कनकावर किती जण

भोगीच्या दिवशी पहाटे साडेपाचला कृष्णकांत हर्डीकर वेस्ट मांबलमच्या आपल्या फ्लॅटमधून मोजपट्टी खिशात टाकून निघाले, तेव्हा भुताखेतांचा विचार त्यांच्या मनाला शिवलाही नव्हता. विचार होता तो डोक्याचा. म्हणजे स्वतःच्याच डोक्याचा. माणूस सहा फूट उंच, आणि जी बोट बघायला चालले होते तिच्या केबिनची उंची, ती विकायला काढलेल्या व्यंकटेशरावांनी फोनवर सांगितल्याप्रमाणे, पाच फुटांच्या आतबाहेर.

"अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात," अलकनंदाबाई डब्याचं झाकण घट्ट लावत म्हणाल्या, "तुम्ही मेले आधी डोकं मोजायला निघालात."

डब्यात भोगीची भाजी होती, तीळ लावलेल्या बाजरीच्या तीन भाकऱ्या होत्या, लोणी होतं. दोन ह्या दोघांच्या आणि एक व्यंकटेशरावांची. न खाई भोगी तो सदा रोगी, हे त्या बत्तीस वर्षं चेन्नईत राहूनही विसरल्या नव्हत्या.

ह्या दोघांची आधीची शिडाची बोट छत्तीस फुटी. रेल्वेच्या कारखान्यात नोकरी असताना कृष्णकांतांनी तिचा नुसता सांगाडा लिलावात घेतला आणि सहा वर्षं दर रविवारी हातोडा चालवून ती उभी केली. तिला ते 'मोठी' म्हणत. मोठीनं त्यांना पुदुच्चेरीला नेलं, नागपट्टिणमला नेलं, एकदा तर अंदमान दाखवून आणलं. पण आता कृष्णकांतांना एकोणसत्तरावं लागलं होतं, उजव्या खांद्याचं ऑपरेशन झालं होतं आणि अलकनंदाबाईंचे अंगठे संधिवातानं धरले होते. गेल्या नोव्हेंबरात वारा चढला तेव्हा मोठीचं मोठं शीड खाली घ्यायला दोघांना चाळीस मिनिटं लागली. बाई तेव्हा काही बोलल्या नाहीत. घरी येऊन, आंघोळ करून, चहा पिऊन झाल्यावर बोलल्या.

"दोघांना बसल्या जागेवरून झेपेल अशी बोट मिळाली तर घ्या. पण ती मी स्वतः धक्क्याला लावून बघणार. नाही जमलं, तर समुद्र संपला आपला. आणि एकटे जायचं म्हणालात, तर परत आल्यावर दार उघडणार नाही."

बाईंचा शब्द म्हणजे शब्द. मोठी विकली गेली, पुढच्या आठवड्यात कोचीला जायची होती. चार लहान बोटी बघून झाल्या. एक तळातून गळत होती, एकीची डोलकाठी वाकडी, दोन बाईंनी नुसतं बघून नाकारल्या. पुण्याहून मुलगी क्षमा बाबांना गच्चीवरच्या बागेचे व्हिडिओ पाठवू लागली. 'कनका' ही पाचवी आणि शेवटची. ती नापसंत झाली की कृष्णकांतांच्या नशिबी कुंड्या. बिचारे रात्रभर कूस बदलत होते.

दोघं पोचले तेव्हा कनका बंदरातल्या लहान बोटींच्या धक्क्याला बांधलेली होती. तेवीस फूट, पांढरी, एक डोलकाठी, दोन शिडं, सगळे दोर मागच्या बैठकीपाशी आणलेले. व्यंकटेशराव तंजावरकडच्या मराठी घराण्यातले, साठीचे, धोतर नेसून धक्क्यावर उभे होते. त्यांचं मराठी जुन्या पोथीतलं वाटावं असं, तमिळ हेल काढून बोललेलं.

"बोट माझे अत्तैची, सार. राजसबाई. शाळेंत गणिताची टीचर होती. शहात्तर वर्षांची होईपर्यंत एकटीच चालवीत होती." अत्तै म्हणजे आत्या. "दोन वर्षं झालीं तिला जाऊन. घरींच गेली, झोपेंत."

"तुम्ही येताय ना बरोबर?" कृष्णकांतांनी विचारलं.

"मी येत नाहीं. तुम्हीच जाऊन पाहा." ते बोटीकडे न बघता म्हणाले. "अत्तै माझ्यावर कोपलेली आहे."

गेलेली बाई कोपते कशी, हे विचारायचं कृष्णकांतांच्या जिभेवर आलं होतं, पण तेवढ्यात ते केबिनमध्ये वाकले आणि त्यांचं डोकं दाणकन आढ्याला आपटलं. मोजपट्टीची गरजच उरली नाही. आत अंधार होता. दोन वर्षं बंद असलेल्या केबिनला ओलीचा, बुरशीचा वास यायला हवा. इथं येत होता तो सुंठेच्या कॉफीचा... गरम, नुकत्याच उकळलेल्या. त्यांनी शेगडीवर हात ठेवला. शेगडी थंडगार होती आणि तिच्यावर धूळ होती.

ते वर आले ते काही न बोलता. बाईंना आवडण्याआधी बोटीला नावं ठेवायची नाहीत, एवढं शहाणपण लग्नाच्या त्रेचाळीस वर्षांत येतंच.

आता ह्या दोघांची एक सवय सांगितली पाहिजे. क्षमा सहा वर्षांची असताना हे दोघं तिला चक्क धक्क्यावर विसरून निघाले होते. दोघांनाही वाटलं, पोर दुसऱ्यापाशी आहे. बंदराच्या तोंडाशी गेल्यावर मागं पिवळा फ्रॉक हलताना दिसला. तेव्हापासून नियमच झाला. शेवटचा दोर सोडण्याआधी कृष्णकांत विचारणार, "किती?" आणि बाई मोजून आकडा सांगणार. दोघंच असले तरी.

बाई मागं सुकाणूपाशी बसल्या. कृष्णकांत पुढं टोकाला ओणवे होऊन दोर हातात घेऊन बसले.

"किती?"

"तिघं."

आवाज ठणठणीत होता. कृष्णकांतांना वाटलं, बाईंनी व्यंकटेशरावांनाही मोजलं.

"अगं, ते येत नाहीयेत."

"मी कुठं काही बोलले अजून?" बाई मागून म्हणाल्या. "दोघं."

कृष्णकांतांच्या पायाशी केबिनची हवेसाठीची लहान झडप होती. ती उघडी होती. आवाज मागून आला नव्हता, पायाखालून आला होता, हे त्यांच्या लक्षात आलं तेव्हा दोर सुटला होता. भित्यापाठी ब्रह्मराक्षस, असं स्वतःला बजावत ते मागं येऊन बसले.

लाटा अडवणाऱ्या बंदराच्या भिंतीपलीकडे गेल्यावर इंजिन बंद करून शिडं चढवली. काय सांगू, मोठं शीड त्यांनी डाव्या हातानं, बसल्या बसल्या चढवलं. बाईंनी एका बोटानं सुकाणू ढकललं आणि कनका वळली. बाई हसल्या. ते हसू बघून कृष्णकांतांना गलबलून आलं. नोव्हेंबरपासून त्या समुद्रावर हसल्या नव्हत्या.

आणि मग धूर आला.

चूक त्यांचीच. महाराष्ट्रातल्या माणसाला भोगी म्हटलं की भाजी-भाकरी आठवते. चेन्नईत मात्र त्या पहाटे घरोघरी जुन्या चटया, केरसुण्या, मोडकं सामान दारात पेटवतात. बत्तीस भोग्या ह्या दोघांनी खिडक्या लावून घरात काढल्या होत्या. बाईंना धुराचा राग यायचा तो वाळत घातलेल्या कपड्यांपुरता. पहाटेचा वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहतो आणि अख्ख्या शहराचा धूर घेऊन जातो, हे काठावर राहून कधी कळलंच नव्हतं.

पाच मिनिटांत शहर गेलं. मग भिंत गेली, पाणी गेलं. डोलकाठीचं टोकसुद्धा दिसेना. वारा पडला. शिडं लोंबायला लागली. जळलेल्या काथ्याचा वास घशात बसला आणि सगळीकडे असं गप्प झालं की बाईंच्या बांगड्यांचा आवाज मोठा वाटू लागला.

"इंजिन..." बाई म्हणाल्या.

इंजिनानं दोन ठसके दिले आणि जीव सोडला. फोनच्या नकाशावर त्यांचा निळा ठिपका नीट दिसत होता, पण आजूबाजूला आणखी कोण आहे, ते फोन सांगत नव्हता. तेवढ्यात भोंगा वाजला. मोठ्या जहाजाचा, लांबलचक, छातीत घुमणारा. कुठून आला कळेना. दुसऱ्यांदा वाजला तो जवळून.

"अहो... कुठल्या बाजूला?"

"कळत नाही गं..."

भीती वाटली. कृष्णकांतांना आयुष्यात इतकी भीती कधी वाटली नव्हती. मोठीपायी जे झालं नाही ते आपल्या हट्टापायी आज होणार, आणि हिच्यासकट होणार, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं. इतक्यात गालाला गार झुळूक लागली, आणि पायाशी, केबिनच्या दारातून, कुणीतरी हळू आवाजात बोललं.

"उजवीकडे वळा... आतां."

बाईंनी सुकाणू फिरवलं. का, हे नंतर त्यांना सांगता आलं नाही. पुढचं शीड दुसऱ्या बाजूला घ्यायला हवं होतं. कृष्णकांतांनी दोर ओढला. तो कुठंतरी अडकला. त्यांनी जोर लावला आणि खांद्यातून अशी कळ आली की हात लुळाच पडला.

"होत नाही..." ते पुटपुटले.

"ओढा. सोडूं नका..."

त्यांनी डाव्या हातानं दोर धरला आणि तो हलका झाला. एकदम हलका. त्यांच्या पुढं, त्याच दोरावर, आणखी कुणाचे तरी दोन हात असावेत तसा तो सरसर येत गेला. सुंठेचा वास नाकाशी आला. शीड भरलं, कनका कलली आणि सुटली. मागं, ते होते त्याच जागेवरून, लोखंडाची काळी भिंत धूर कापत गेली. ती संपायला खूप वेळ लागला. मग तिच्या लाटा आल्या आणि कनका त्यांच्यावर डुलली.

धुरातून बाहेर आले तेव्हा ऊन होतं. स्वच्छ, पिवळं, जानेवारीचं. पाणी चमकत होतं. बाई आधी रडल्या, मग हसायला लागल्या, आणि मग दोघंही पोट धरून हसले. जगलो ह्याचं हसू फार मोठं असतं हो, आवरत नाही.

तासाभरानं धूर विरला, समुद्राचा वारा सुरू झाला आणि अलकनंदाबाईंनी कनका बसल्या जागेवरून, धक्क्याला अलगद, बोटानं टेकवावी तशी लावली.

"घ्यायची," त्या म्हणाल्या. "डोकं तुमचं, टेंगळं तुमची. मला काही अडचण नाही."

कृष्णकांतांनी भर धक्क्यावर बायकोचा हात धरला आणि सोडला नाही.

व्यंकटेशराव धावत आले. ते घामानं निथळत होते. बाईंनी डबा उघडला आणि त्यांना भाकरी द्यायला हात घातला. भाकऱ्या दोनच होत्या. लोण्याच्या गोळ्यावर बोट फिरवल्याची खूण होती.

"समुद्रावर भूक लागते, पण सांगायचं तरी," बाई नवऱ्याला म्हणाल्या.

"मी डब्याला हात लावलेला नाही."

दोघांनी केबिनच्या दाराकडे पाहिलं. मग कृष्णकांत व्यंकटेशरावांकडे वळले.

"ताकाला जाऊन भांडं कशाला लपवता? सांगा काय ते."

व्यंकटेशराव खाली बसले. "अत्तै माणसं मोजल्याशिवाय दोर सोडूं देत नसे. आतांही मोजते. तुमच्या आधीं चार जण बोट पाहायला आले. चारी वेळां दोर सोडतांना आंतून 'एक' म्हणाली. ती त्यांना मोजीतच नव्हती, सार. चौघेही अर्ध्यांतून परत आले. मला तर कधींच मोजलें नाहीं, मी बोट विकायला काढिली म्हणून." त्यांनी घसा साफ केला. "तुम्हांला किती म्हणाली?"

"तिघं."

व्यंकटेशरावांनी डोळे पुसले आणि बोटीला हात जोडले. उरलेल्या दोन भाकऱ्या तिघांनी वाटून खाल्ल्या, आणि भोगीची तशी भाजी पुन्हा कधी जमली नाही, असं बाई अजून म्हणतात.

तेव्हापासून दर रविवारी कनका समुद्रावर जाते. बाईंनी केबिनमध्ये सुंठेची पुडी ठेवली आहे, आणि डब्यात एक भाकरी जास्त असते. कृष्णकांत "किती?" विचारतात, बाई "तिघं" म्हणतात, आणि मगच दोर सुटतो. त्यांना भीती वाटत नाही. घरातल्या वडीलधाऱ्या बाईची कुणी भीती घेतं का? कृष्णकांतांचा खांदासुद्धा दुखायचा थांबला. क्षमाला त्यांनी कुंड्यांचे व्हिडिओ पाठवू नकोस म्हणून कळवलं.

गेल्या रविवारचं सांगतो आणि थांबतो. सकाळ छान होती, वारा बेताचा. कृष्णकांत एक जुनं गाणं गुणगुणत, केबिनकडे पाठ करून सुकाणूपाशी बसले होते, शेवटचा दोर हातात होता. पाठीमागं केबिनमध्ये भांड्यांची खुडबुड चालली होती.

"किती?" त्यांनी मागं न बघता विचारलं.

"दोघं."

अलकनंदाबाईंचाच आवाज. तोच लाडिक सूर, शेवटचं अक्षर किंचित ओढलेलं. जुनी सवय जाते कुठं, असं म्हणून ते हसले आणि त्यांनी दोर सोडला.

मग त्यांनी वर पाहिलं. धक्क्यावरून, गाडीत विसरलेला डबा हातात घेऊन, अलकनंदाबाई चालत येत होत्या. नवरा थट्टा करतोय असं वाटून त्या लांबूनच हसत होत्या, हात हलवत होत्या. कृष्णकांतांनी दोर परत टाकायला हात उचलला. पण शीड, जे त्यांनी अजून चढवलंच नव्हतं, ते सरसर वर चाललं होतं.