हवा कुठून जाते

हिंगणा रोडवर माझं गॅरेज आहे. माझे वडील उमरेडला हातमाग चालवायचे. मागाच्या आवाजात जरा फरक पडला की मान वर न करता ते धागा कुठे तुटला ते सांगायचे. इंजिनाच्या बाबतीत मीही तसाच आहे. त्यामुळे दोष आहे पण सापडत नाही, ही गोष्ट मला सहन होत नाही.

एप्रिलमध्ये मिनलवहिनी कुशलची गाडी घेऊन आल्या. कुशल माझा शाळेपासूनचा मित्र. दोन दारांची ती निळी स्पोर्ट्स कार त्याने सेकंडहँड घेतली होती आणि आम्ही दोघांनी आठ रविवार खपून तिचं इंजिन उभं केलं होतं. गेल्या श्रावणात तो झोपेतच गेला. वहिनी धंतोलीतल्या एका दवाखान्यात भूलतज्ज्ञ आहेत. कुशल गेल्यापासून त्या धरमपेठेतल्या घरून तिथे त्याच गाडीने जातात.

"गिरिधरभाऊ, मध्येच हिचा जीव जातो," त्या म्हणाल्या. "पाय पूर्ण दाबला तरी पळत नाही. काल ट्रकला ओव्हरटेक करताना थोडक्यात वाचले. नसेल जमत तर विकून टाकते."

विकायचं म्हणताना त्यांचा हात बॉनेटवरच होता.

"विकता काहून, वहिनी? मी पाहून राहिलो ना."

टर्बो म्हणजे एक छोटा पंखा. इंजिनातून निघणाऱ्या धुराच्या झोतावर तो फिरतो आणि इंजिनात जादा हवा कोंबतो. त्या दाबाला आम्ही बूस्ट म्हणतो. बूस्ट पडतो, म्हणजे हवा कुठून तरी निसटते. मी सगळे रबरी पाइप उतरवून पाहिले, नवे क्लॅम्प टाकले. गळती दिसावी म्हणून पाइपांत धूर सोडला. तो कुठूनच बाहेर आला नाही. तरीही दाब सोडणारी झडप बदलली. मग वाडीपर्यंत तीनदा गाडी पळवून आणली. बूस्ट जराही पडला नाही.

वहिनी गाडी घेऊन गेल्या आणि दुसऱ्या दिवशी परत आल्या. तेच दुखणं.

"आता तुमीच चालवा," मी म्हटलं. लॅपटॉप गाडीला जोडला आणि मागच्या चिंचोळ्या सीटवर अंग चोरून बसलो. आउटर रिंग रोडला लागल्यावर स्क्रीनवर बूस्टची रेघ उमटायला लागली.

दोन छोटे चढउतार. एक लांब. मग नऊ-दहा सेकंद तळाशी सपाट रेघ. पुन्हा दोन छोटे, एक लांब.

गळतीला असा ताल नसतो. मी जे दिसत होतं ते मोठ्याने सांगितलं. वहिनींनी गाडी कडेला घेतली, लॅपटॉप मांडीवर ओढला आणि बराच वेळ बघत राहिल्या. भूल दिलेल्या पेशंटच्या मॉनिटरवर दिवसभर त्या अशाच रेघा बघतात.

"हा कुशलचा श्वास आहे," त्या म्हणाल्या. "झोपला की असाच घ्यायचा. मध्येच अडकायचा. मग मी कोपराने ढोसायची, कूस बदल म्हणायची. सुरू व्हायचा परत."

मी पुढे वाकून ती रेघ पुन्हा पाहिली. वहिनींची नजर तिच्यावरच होती.

"त्या रात्री मला इमर्जन्सी होती, भाऊ. मी घरी नव्हते."

"सेन्सर खराब असन, वहिनी," मी म्हटलं. माझा आवाज मलाच खोटा वाटला.

त्यांनी लॅपटॉप माझ्याकडे दिला आणि गाडी पुन्हा रस्त्यावर घेतली. पुढे सळ्यांनी लादलेला ट्रक होता. वहिनी त्याच्या बाजूने निघाल्या. समोरून कंपनीची बस येत होती.

आणि बूस्ट पडला.

रेघ सपाट झाली. ट्रकचं मागचं चाक माझ्या खिडकीला लागून होतं.

तीन सेकंद. पाच.

बसने हॉर्न दाबून धरला. मी ओरडलो, "ब्रेक मारा!"

वहिनींनी ब्रेक मारला नाही. त्यांनी डावं कोपर शेजारच्या रिकाम्या सीटकडे नेलं आणि हळूच ढोसल्यासारखं केलं.

"कुशल, कूस बदल ना रे."

रेघ वर उसळली. गाडी अशी झेपावली, की माझी पाठ सीटला आदळली. ट्रक मागे पडला आणि बस आमच्या शेजारून निघून गेली.

वहिनींच्या गालांवरून पाणी वाहत होतं, पण त्या हसत होत्या. मी मात्र लॅपटॉप मिटून टाकला. त्यानंतर विकण्याचा विषय त्यांनी काढला नाही आणि मीही पुन्हा तो लॅपटॉप त्या गाडीला लावला नाही.

मे महिन्यात त्या ऑइल बदलायला आल्या. दुपारचे बारा, पारा पंचेचाळीसवर. मी नेहमीसारखी लांबूनच मोठ्याने हाक मारली. त्यांनी काच खाली केली आणि ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोला, भाऊ. आत्ताच डोळा लागलाय."

मी वाकून आत पाहिलं. डावी सीट पूर्ण मागे पाडलेली होती. तिच्यावर कुणी नव्हतं. उशाशी, काचेवर आतून, तळहाताएवढी वाफ धरली होती.