चाळणीतलं इंटरनेट

सिंदीच्या बाजारात, घरासमोरच्याच प्रफुलच्या कॉम्प्युटरच्या दुकानात मोहिनी शिरली ती बंद पडलेला माऊस बदलायला. बाहेर पडली तेव्हा तिच्या मुठीत बोटाच्या पेराएवढा वायरलेस ॲडॅप्टर होता.

"हा कॉम्प्युटरले लाव. माह्या दुकानातलं इंटरनेट तुह्या घरी येते, बिनतारेचं!" शाळेत तिच्या पुढच्या वर्गात असलेला प्रफुल ऐटीत म्हणाला होता.

"अन् नाई आलं तं?"

"तं मी येतो ना..."

इंटरनेट रुसायचं आणि प्रफुल यायचा. शेवटी त्यानंच शक्कल लढवली. मोहिनीच्या आईची, लीलाबाईंची, पिठाची तारेची चाळण खिडकीत डिश अँटेनासारखी दुकानाकडे तोंड करून उभी केली, अन् वायरनं ॲडॅप्टर तिच्या मधोमध आणून बांधला. इंटरनेट सुसाट सुटलं! मोहिनी मात्र हिरमुसली. आता हा कशाला येतोय?

आज तो आला होता, पण मोहिनीच्या वडिलांनी, नत्थूजींनी बोलावलं म्हणून. पुण्याचा इंजिनीअर मुलगा पाच वाजता कॅमेऱ्यावर मोहिनीला बघणार होता. पसंती आली की दिवाळीनंतर लग्न.

लीलाबाईंनी पोहेसुद्धा केले होते.

"आई, कॉम्प्युटरले पोहे?"

"रीत हाय बाई! बशी हातात दिसली पाह्यजे!" म्हणत त्या स्वयंपाकघरात पळाल्या.

हिरव्या साडीतल्या मोहिनीकडे प्रफुल बघतच नव्हता. वायरशी उगाच झटत होता.

"एवढं मन लावून कायले जोडून राह्यला?" ती कुजबुजली.

"काकाजींनी सांगतलं..."

"अन् तुले काई सांगाचं नाई?"

त्याचे कान लालबुंद झाले. पण तो पुन्हा वायरच पिळायला लागला. मोहिनीला असा राग आला की पोह्यांची बशी त्याच्याच डोक्यावर उपडी करावी.

पाच वाजले. पडद्यावर पुण्याचा सोफा दिसला, मग मुलाचे गुडघे दिसले... आणि चित्र तिथंच गोठलं.

प्रफुलनं खिडकीकडे पाहिलं. ॲडॅप्टर नुसता वायरला लोंबकळत होता. चाळण गायब! आणि आतून लीलाबाईंची थापथाप ऐकू येत होती.

"रवा चाळून राह्यली मी! पोट्ट्यानं हो म्हटलं तं शिरा नको?"

मोहिनीला हसूच आवरेना. नत्थूजी मात्र कडाडले, "अबे प्रफुल, जोड ना लवकर!"

प्रफुलनं आत जाऊन चाळण आणली, खिडकीशी गेला... आणि तसाच उभा राहिला.

"काकाजी, मी नाई जोडत."

"काऊन?"

"जोडलं तं मोहिनी पुण्याले जाते... अन् मले ती इथंच पाह्यजे!"

"बाबा," मोहिनी भर्रकन बोलून गेली, "मले बी इथंच राह्यचं हाय."

नत्थूजींनी चाळणीकडे पाहिलं, पोरीकडे पाहिलं, मग समोरच्या दुकानाकडे.

"दुकान बराबर चालते ना बे?"

"चालते जी!"

"मंग संध्याकाळी तुह्या बाबाले पाठवजो. पुण्याले मी फोन करतो." खिशातला मोबाईल काढत ते दारापर्यंत गेले आणि मागे वळले. "मोहिनी, पोहे थंडे होऊन राह्यले. दे त्याले."

मोहिनीनं बशी पुढे केली. आता कुठे प्रफुलनं मान वर केली, आणि तिच्याकडे बघतच राहिला. पोहे घ्यायचंही त्याला सुचेना.