दुसरा वॉशर

"खालून काढणार की वरून?"

काउंटरपलीकडच्या माणसानं मान वर न करता विचारलं. मी फक्त घरी बदलायला म्हणून इंजिन ऑइल मागितलं होतं. ते मागितल्यावर तोंडी परीक्षा असते हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

"काय... काय काढणार?"

"जुनं ऑइल. घरीच बदलणार म्हणालात ना? खालून म्हणजे गाडी चढावर घ्यायची, तिच्याखाली झोपायचं, ऑइलच्या चेंबरचा बोल्ट उघडायचा. सगळा गाळ निघून जातो. वरून म्हणजे ऑइल मोजायची पट्टी असते ना, त्या भोकातून नळी घालायची आणि पंपानं ओढायचं. कपडे स्वच्छ राहतात, पण तळाशी थोडं जुनं उरतं."

"वरून," मी पटकन म्हणाले.

तेव्हा त्यानं पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या हातातल्या कागदाकडे. त्यावर ऑइलचा प्रकार आणि फिल्टरचा नंबर बाबांच्या अक्षरात लिहिलेला होता.

"हे अक्षर... दोन वॉशर काकांच्या तुम्ही कोण?"

"मुलगी. पण दोन वॉशर काका म्हणजे?"

"ऑइल गळू नये म्हणून बोल्टला नवा वॉशर लागतो, पण एकच. ते दर वेळी दोन न्यायचे. म्हणायचे, एक लावायला, एक हरवायला. मग मध्येच, 'तो हरवला' म्हणून पुन्हा यायचे." तो हसला. "बऱ्याच दिवसांत आले नाहीत?"

"बाबा गेले. आठ महिने झाले."

त्याचं हसू मावळलं. हातातलं पेन त्यानं हळूच खाली ठेवलं. 'वाईट झालं' असं काही तो म्हणाला नाही. त्याबद्दल मला तो तिथेच आवडला.

"पंप माझ्याकडे आहे. रविवारी घेऊन येतो," तो म्हणाला. निघताना पुडीत त्यानं दोन वॉशर टाकले. "खालून उघडणार नाही म्हणालात, तरी असू द्या."

रविवारवर बरंच काही अवलंबून होतं. सोमवारी मामा गाडी विकायला घेऊन जाणार होता. दारात उभी गाडी आईला बघवत नव्हती. "जिला तिची उस्तवार जमेल तिनं ठेवावी," ती म्हणाली होती. "तुला साधं ऑइल तरी बदलता येतं का?" येत नव्हतं. पण मी हट्टाला पेटले होते.

रविवारी सकाळी तो आला. गाडीची बॅटरी त्यानं आदल्या दिवशीच चार्ज करायला नेली होती.

"आठची वेळ ठरली होती," मी डोळे चोळत म्हणाले.

"मुद्दाम साडेआठला आलो. तुम्ही वेळेवर उठत नाही, हे मला पाच वर्षांपासून माहीत आहे."

"म्हणजे?"

"काका दुकानात तासतास बसायचे. निम्म्या गप्पा गाडीच्या, निम्म्या तुमच्या." हे बोलून तो एकदम गोरामोरा झाला आणि बॅटरी बसवायला लागला.

ऑइल कोमट असलं की नीट निघतं, म्हणून आधी इंजिन सुरू करायचं होतं. मी चावी फिरवली. दोनदा नुसती घरघर. तिसऱ्यांदा गाडी सुरू झाली. स्वयंपाकघराचं दार उघडलं आणि आई ओल्या हातांनीच उंबऱ्यात येऊन उभी राहिली. आठ महिन्यांनी तो आवाज येत होता. ती आत गेली नाही.

इंजिन बंद करून त्यानं नळी घातली. ती निम्म्यात अडली. दुसऱ्या जाडीची घातली, तीही अडली.

"आतला पाईप वाकलाय," तो ओशाळून म्हणाला. "हे मी आधी बघायला हवं होतं. आता खालूनच..."

"नको."

"अवघड नाही हो. मी आहे ना."

"भीती नाही वाटत मला!" माझा आवाज चढला. मग एकदम फुटलाच. "तो बोल्ट बाबांनी आवळलाय. शेवटचा. तो उघडला की... त्यांच्या हातचं काहीच उरणार नाही त्यात."

तो माझ्याशेजारी पायरीवर बसला. हातातला पाना त्यानं माझ्यापुढे धरला.

"मी नाही उघडणार तो बोल्ट," तो म्हणाला. "माझा हक्क नाही. तुम्ही उघडा. त्यांनी आवळला तो गाडी चालावी म्हणून. त्यांच्या हातानंतर तुमचाच हात लागावा."

बाबांनी फळ्या ठोकून केलेल्या चढावर मी गाडी घेतली. चाकांमागे त्यानं विटा लावल्या. मी खाली सरकले. तो दुसऱ्या बाजूनं टॉर्च धरून आडवा झाला. आमच्या चेहऱ्यांमध्ये जेमतेम वीतभर अंतर होतं – आणि बोल्ट काही हलेना. बाबांनी जीव खाऊन आवळला होता.

"ओढू नकोस गं." आईचे पाय गाडीपाशी दिसले. मग ती चक्क खाली वाकली. "पान्याला तळहातानं थाप दे. ते तसंच करायचे. वीस वर्षं खिडकीतून बघतेय मी."

मी थाप दिली. एक... दोन... बोल्ट सुटला. काळंभोर कोमट ऑइल खाली ठेवलेल्या टबात पडायला लागलं, आणि मी तिथेच, गाडीखाली, मोठ्यानं रडले. त्यानं टॉर्चचा झोत माझ्या चेहऱ्यावरून हळूच बाजूला वळवला.

धार थेंबांवर आली. मी डोळे पुसले आणि नवा वॉशर घालून बोल्ट फिरवायला घेतला.

"किती घट्ट करू?"

"काकांपेक्षा थोडा कमी," तो म्हणाला. रडता रडता मला हसू आलं.

फिल्टर बदलला, नवं ऑइल भरलं, गाडी खाली घेऊन पट्टीवर मोजलं. आई शांतपणे म्हणाली, "मामाला फोन करते. उद्या येऊ नकोस म्हणून सांगते." आणि डोळ्यांना पदर लावत आत गेली.

उरलेला वॉशर ठेवायला मी बाबांची हत्यारांची पेटी उघडली. कोपऱ्यात एक छोटी डबी होती. उघडली, तर आत वॉशर. कोरे, एकही न वापरलेला. मी मोजले... नऊ.

बाबांचं कधी काही हरवलंच नव्हतं. वॉशरचा तर निव्वळ बहाणा होता. मी डबी त्याच्यापुढे धरली. तो बघतच राहिला. पहिल्यांदाच त्याचे डोळे भरले.

"म्हणजे ते... माझ्याशी बोलायलाच यायचे?"

मी हातातला दुसरा वॉशर डबीत टाकला आणि झाकण लावलं.

"दहा झाले," मी म्हणाले. "म्हणजे आता वॉशरसाठी तुमच्या दुकानात यायची मला दहा वर्षं गरज नाही."

"हो..." तो पंप गुंडाळायला लागला. नळीची गाठ त्याला काही केल्या बसेना. "बरोबर आहे."

मी त्याच्या काळ्या झालेल्या हातांवर माझे काळे झालेले हात ठेवले.

"तरी येईन."